विनोदी नोकराचे संवाद

माझ्या भावाचा आजार मी आठ महिने ओळखला नाही, कारण मला तो विनोद वाटत होता. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे. आजवर ते नुसतं डोक्यात होतं, आणि डोक्यात असताना त्याला बऱ्याच सबबी जोडता यायच्या. कामाचा व्याप होता, पेपर तपासायचे होते, फोनवर माणसाचा चेहरा दिसत नाही. कागदावर आल्यावर त्यातली एकही टिकली नाही.

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवते. शेवटच्या वर्षाला चित्रपटाचा एक ऐच्छिक पेपर आहे. तो घ्यायला कोणी तयार नव्हतं म्हणून माझ्या गळ्यात पडला, आणि पुढे मला आवडायलाही लागला. त्यात ‘उत्तर-आधुनिकता आणि भयपट’ असा एक घटक आहे. मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, मॅडम, उत्तर-आधुनिक म्हणजे काय? मी सांगते, जुन्या भयपटातल्या पात्रांना आपण भयपटात आहोत हे ठाऊक नसतं. नव्यांनी आधीचे सगळे भयपट पाहिलेले असतात. दार करकरलं की ती म्हणतात, सिनेमात असंच होतं. ती एकमेकांना नियम समजावतात, भुताची टिंगल करतात, कधी सरळ कॅमेऱ्यात बघतात. प्रेक्षक खूश होतो, कारण पडद्यावरचा माणूस त्याच्याइतकाच हुशार निघालेला असतो. आणि एवढं सगळं ठाऊक असून ती पात्रं मरतातच. इथपर्यंत आलं की पुढचे दोन बाक लिहून घेतात आणि मागचे जांभया देतात.

जांभया थांबाव्यात म्हणून मी उदाहरणं द्यायची. त्यातलं सगळ्यात चालणारं उदाहरण माझा भाऊ होता.

हे कळायचं तर आधी आमचा कूलर कळायला हवा. उत्तर नागपुरात आमचं दोन खोल्यांचं घर, आणि पुढच्या खोलीच्या खिडकीला लोखंडी चौकटीवर उभा केलेला पत्र्याचा कूलर. तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, खाली टाकी. एप्रिल-मेमध्ये बारा ते चार कोणी घराबाहेर पडत नाही. दारं लावायची, खिडक्यांवर चादरी ओढायच्या, टाकीत बादलीने पाणी भरायचं आणि कूलरसमोर पडून राहायचं. आई आतल्या खोलीत झोपायची. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते, ते सहानंतर यायचे. पुढच्या खोलीत मी, माझ्याहून पाच वर्षांनी लहान भाऊ, आणि बदली झाल्यावर मामाने आमच्याकडे ठेवून दिलेला व्हीसीआर. कॅसेटवाल्याकडे बाकी काही नसलं तरी भुताचा सिनेमा हमखास शिल्लक असायचा. त्यामुळे आम्हा दोघांची भुतं कधी अंधारात आलीच नाहीत. ती भर दुपारी एक वाजता, ओल्या वाळ्याच्या वासात यायची.

त्या कूलरचा आवाज एवढा होता की सिनेमातले संवाद ऐकू येत नसत. टीव्ही मोठा करावा तर आई उठायची, आणि कूलर बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. मग भावाने उपाय काढला. संवाद आपणच म्हणायचे. तो नऊ वर्षांचा होता आणि आवाज काढण्यात पटाईत. पडद्यावर ओठ हलले की हा सुरू. हवेलीतली सून मी, कंदील घेतलेला म्हातारा चौकीदार मी. नायक तो, भूत तो, आणि विनोदी नोकर तर कायम तोच. त्या काळच्या हिंदी भुताच्या सिनेमात असा एक नोकर असायचाच. ढगळ कपडे, फजिती, आणि भूत दिसलं की डोळे बटाट्याएवढे करून त-त-प-प करणं. भाऊ ते इतकं झकास करायचा की मला हसून उचकी लागायची.

पुढे आम्ही ओठ हलायच्या आधीच संवाद म्हणू लागलो. मग सिनेमा संपल्यावरही म्हणू लागलो. या खेळाचं नाव ‘पुढचं सांग’. एकाने काहीही भयंकर बोलायचं आणि दुसऱ्याने अजिबात न दचकता त्याला धरून पुढचं वाक्य जोडायचं. जो थांबून ‘खरंच का?’ विचारेल तो हरला. एवढाच नियम.

‘ताई, मोरीत कोणीतरी बसून आहे.’

‘त्याले साबण दे.’

असं चालायचं. एका दुपारी टाकीत पाणी भरता भरता तो म्हणाला, ‘ताई, टाकीत विंचू आहे.’ मी म्हटलं, ‘त्याले पोहता येते का विचार.’ विंचू खरंच होता. त्याचं बोट टम्म सुजलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि आई त्याला कडेवर घेऊन दवाखान्याकडे पळत होती. अशात आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत तो म्हणाला, ‘मी नाही हरलो.’ हा किस्सा आमच्या घरी पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगितला गेला. सगळे हसायचे. तोही हसायचा आणि बोट दाखवायचा.

आमच्या घरात छप्पन सालापासून देव नाहीत. आजोबा दीक्षाभूमीवरच्या त्या गर्दीत होते. परत आल्यावर त्यांनी घरातले देव पोत्यात घालून तलावात सोडले, असं बाबा सांगायचे. देव गेले तशी भुतंही गेली. अंगात येणं, उतारे, गंडेदोरे यांतलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं बाबांना खपत नसे. त्यांना आमचे सिनेमे मात्र चालायचे, कारण ते खोटे आहेत हे आम्हा दोघांना ठाऊक आहे याची त्यांना खात्री होती. आम्हालाही होती. शेजारची मुलं तसला सिनेमा पाहून मोरीत एकटी जायला घाबरायची आणि आम्ही त्यांना हसायचो. त्या हसण्याचा मला बराच काळ अभिमान वाटत असे.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले, शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेऊन राहू लागले. भाऊ डिप्लोमा करून बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत देखभाल विभागात लागला. राहायला आई-बाबांकडेच. सकाळी कंपनीची बस यायची. गिरणीत यंत्रांचा आवाज असा की माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघूनच बोलतात, आणि ते तर आम्हाला लहानपणापासून येत होतं. जेवणाच्या सुट्टीत तो मला फोन करायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही, सरळ संवाद. मी त्याला धरून पुढचं बोलायची. दोन मिनिटं हसून आम्ही आपापल्या कामाला लागायचो. या वयाला भावाबहिणीत असं काही शिल्लक आहे याचं मला फार बरं वाटायचं.

माझं थोडंफार नाव झालं तेही त्या विनोदी नोकरामुळे. मी त्याच्यावर एक निबंध लिहिला. माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या भयपटातलं पहिलं आत्मभान असलेलं पात्र म्हणजे हा नोकर. बाकीच्यांना वाटतं आपण प्रेमकथेत आहोत किंवा इस्टेटीच्या भांडणात आहोत. हा सिनेमा भुताचा आहे हे त्याला एकट्याला कळलेलं असतं. भूत पहिल्यांदा त्यालाच दिसतं. तो धावत येऊन सगळ्यांना सांगतो. पण हसवणं हे त्याचं काम असल्यामुळे घरातले हसतात, थिएटरातलेही हसतात, आणि त्याची खबर वाया जाते. हे मी लिहिलं, ते छापून आलं, आणि दोनतीन सेमिनारांत लोकांनी माना डोलावल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरात भावाचा फोन आला.

‘ताई, मशीन माह्यं नाव घेऊन राहिली.’

‘आडनावासकट घेते का?’

‘नाही. नुसतं नाव.’

‘मग ओळखीची असन,’ मी म्हटलं आणि हसले. तोही हसला असं मला आठवतं. खरं तर ते मला नक्की आठवत नाही.

डिसेंबरात तो म्हणाला, ‘कँटीनमधले लोक पाठ करून येतात, ताई. आज दोघं जण एकच वाक्य बोलले.’ मी म्हटलं, लेखक एकच असेल, त्याला कंटाळा आला असेल. जानेवारीत म्हणाला, बसमधल्या मागच्या सीटवरचा माणूस रोज बदलतो पण खोकतो तसाच. मी म्हटलं, खोकला एकाचाच, बाकीचे ओठ हलवतात. मी त्या वेळी रंगात आले होते. त्याचे संवाद कधी नव्हे इतके चांगले होत चालले होते. जुना भुताखेतांचा मसाला गळून पडला होता आणि उरली होती ती थेट नव्या धर्तीची गोष्ट. आपण सिनेमात आहोत हे पात्राला कळलेलं आहे. दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात सांगायची. ‘माझा भाऊ गिरणीत काम करतो, त्याने एकही सिद्धान्त वाचलेला नाही, आणि काल तो मला काय म्हणाला ऐका.’ मुलं हसायची. मागचे बाक जागे व्हायचे. ‘मॅडम, आज भाऊ काय म्हणाले?’ असं विचारायची.

फेब्रुवारीत तो म्हणाला, ‘ताई, कॅमेरा कुठी लावला तेवढं सांग.’

मी पेपर तपासत होते. ‘पंख्यात,’ मी म्हटलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. ‘तुमचं दोघाईचं काय सुरू आहे वं? त्यानं पंखा उतरवून त्याचे पाते वेगळे करून ठेवले.’

मला हसू आवरेना. मी आईला म्हटलं, ‘अगं, खेळ आहे आमचा. जुनाच. तू काळजी नको करू.’  ती बिचारी माझं ऐकायची, मी शिकलेली ना. मग म्हणाली, ‘बरं. तुले माहीत आहे तं बरं.’ पंख्याची ही गोष्टही मी वर्गात सांगितली आणि ती सगळ्यात जास्त चालली.

मार्चमध्ये कूलर बाहेर काढायची वेळ आली आणि त्याने लावू दिला नाही. त्यातून बोलतात म्हणाला. जेवण कमी झालं होतं, दाढी वाढली होती. एका रविवारी मी घरी गेले तेव्हा मावशी आलेली होती. ती बाबांना सांगत होती, रामटेककडे कोणी एक जण आहे, तो हे बघतो, एकदा नेऊन आणा. बाबा भडकले.

‘माह्या बापानं देव तलावात सोडले ते हे ऐकाले नाही. या घरात हे चालणार नाही.’

‘मग काय करता, भाऊजी? पोट्टा वाळून चालला.’

‘काही झालं नाही त्याले. सिनेमे पाहून पाहून डोक्यात भरलं आहे.’

मी बाबांची बाजू घेतली. घेतली म्हणजे काय, छोटं व्याख्यानच दिलं. मांत्रिकाचा हा प्रवेश प्रत्येक सिनेमात असतोच, असं काहीतरी बोलले. माझं बोलणं बरोबर होतं. बाबांचंही बरोबर होतं. त्या खोलीत आम्ही दोघं आमच्या बरोबर असण्यात इतके गुंतलो होतो की डॉक्टर हा शब्द कोणाच्याच तोंडून निघाला नाही. भाऊ कोपऱ्यात पलंगावर बसून हे सगळं ऐकत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोळे मोठे केले, दोन्ही हात छातीशी नेऊन थरथरवले, ओठ हलवले पण आवाज काढला नाही. तोच तो विनोदी नोकर. मला हसू फुटलं. मावशी माझ्याकडे बघतच राहिली. त्याचे हात मात्र माझं हसणं संपल्यावरही कापत होते, आणि ते मी पाहिलं. पाहिलं आणि त्याच्या नकलेचं मनात कौतुक केलं.

मेअखेर, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस सुरू होते. आमच्या महाविद्यालयात सेमिनार होता आणि मी माझा तोच निबंध नव्याने वाचणार होते. सभागृहाच्या दारात उभी होते. बाराचा सुमार. आत माझं नाव पुकारायच्या बेतात होते आणि त्याचा फोन आला. मागे यंत्रांचा आवाज नव्हता. मोठ्या गाड्या जाताना येतो तसा आवाज होता.

‘ताई, मी सेटच्या बाहेर जाऊन राहिलो. रस्ता कुठी संपते ते पाहतो.’

त्यावर पुढचं वाक्य सुचायला मला क्षणही लागला नाही. आमच्या सगळ्या सिनेमांतल्या सगळ्या म्हाताऱ्या चौकीदारांचं वाक्य होतं ते. माझंच वाक्य.

‘जा,’ मी चौकीदाराच्या आवाजात म्हटलं. ‘पण मागून कोणी आवाज देल्ला तर वळून पाहू नको.’

 तो म्हणाला, ‘बरं.’

आमच्या खेळात ‘बरं’ कधीच कोणी म्हणत नसे. पुढचं सांगायचं असतं, मान्य करायचं नसतं. माझ्या ते लक्षात आलं. मी खोटं लिहिणार नाही, ते त्याच वेळी माझ्या लक्षात आलं. आतून नाव पुकारलं गेलं आणि मी फोनचा आवाज बंद करून पर्समध्ये टाकला.

मी व्यासपीठावर विनोदी नोकराबद्दल बोलत होते तेव्हा माझा भाऊ बुटीबोरीहून उमरेडकडे जाणाऱ्या रस्त्याने चालत होता. डोक्यावर काही नाही, जवळ पाणी नाही. साडेतीनच्या पुढे केव्हातरी उमरेडकडून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला तो रस्त्याकडेला आडवा पडलेला दिसला. त्याने गाडी थांबवली, कंडक्टर आणि दोघा प्रवाशांनी त्याला उचलून आत घेतलं आणि बस सरळ दवाखान्यात नेली. त्या माणसांची नावंही आम्हाला कळली नाहीत. अंग तव्यासारखं तापलं होतं म्हणे. मी पर्समधून फोन काढला तेव्हा चहापान चाललं होतं आणि कोणीतरी माझ्या निबंधाबद्दल चांगलं बोलत होतं.

तो वाचला. ऊन मेंदूपर्यंत गेलं होतं. तोल सांभाळणारा भाग आणि बोलणं, दोन्ही कायमचं दुखावलं. आठवड्याभराने मानसोपचाराच्या डॉक्टर आल्या. आवाजांचं, कॅमेऱ्याचं, पाठ करून आलेल्या माणसांचं सगळं त्यांनी त्याच्याकडून हळूहळू काढून घेतलं आणि आम्हाला विचारलं, हे कधीपासून आहे? आजाराचं नाव त्यांनी सांगितलं. ते साधं, सर्वांना माहीत असलेलं नाव होतं. वेळेत आणलं असतं तर गोळ्यांवर घरी राहून नोकरी करता आली असती, असंही त्या म्हणाल्या. आई म्हणाली, ‘ऑक्टोबरपासून. आम्हाले वाटलं, खेळ आहे.’ आम्हाले म्हणाली ती. हिने सांगितलं असं म्हणाली नाही. आजपर्यंत म्हणालेली नाही.

दवाखान्यातून कळलं की त्याचा जेवणाचा डबा त्याच्याजवळ नव्हता. बाबांनी त्या डब्याचा ध्यास घेतला. मुलासाठी करण्यासारखं दुसरं काही त्यांच्या हातात उरलं नव्हतं, म्हणून असेल. एका सकाळी मी त्यांना घेऊन त्या रस्त्याने निघाले. बुटीबोरीपासून थोडं पुढे बाभळीखाली एक रसवंती होती. तिथल्या बाईंनी आम्ही विचारायच्या आधीच फळीखालून डबा काढला. धुऊन ठेवला होता.

‘बाकावर बसला होता तो,’ बाई म्हणाल्या. ‘रस नाही घेतला. फोनवर बोलला, आन् उठून चालाले लागला. डबा राहिला. मी किती आवाज देल्ले. ओ भाऊ, डबा राहिला. रोडवर जाऊन देल्ले. माह्या घरवाल्यानं देल्ले. म्हटलं एवढ्या उन्हात चालला, पाणी तरी पिऊन जा. त्यानं वळूनच नाही पाह्यलं, बाप्पा. ऐकू तं जात होतं त्याले. प्रत्येक आवाजाले खांदे असे वर व्हायचे. पण वळला नाही.’

बाबा डबा हातात घेऊन उभे होते. ‘काहून नाही वळला?’ ते मला म्हणाले. मग बाईंना म्हणाले. मग परत मला.

मी गाडीचं दार उघडलं. परत येताना गाडीत ते दोनदा म्हणाले, ‘एकदा वळला असता तं पाणी तरी पेला असता.’ मी गाडी चालवत होते आणि समोर बघत होते. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. आता त्यांचं वय झालं आहे, आता कशाला, असं मी स्वतःला सांगते, आणि मला स्वतःचा राग येतो.

तो पेपर मी सोडला नाही. सोडणं फार सोयीचं झालं असतं. उत्तर-आधुनिक भयपटाच्या घटकावर आल्यावर मी मुलांना आता एक जास्तीची गोष्ट सांगते. सगळे नियम माहीत असलेला माणूस पडद्यावर भेटतो तेव्हा आपल्याला बरं वाटतं, कारण आपण खुर्चीत बसलेलो असतो. माहिती असल्यामुळे धोका कमी होतो असं त्याला वाटतं आणि आपल्यालाही. पण त्या माहितीने एकच गोष्ट नक्की होते. खरी किंकाळी आली की तीही कुठल्यातरी जुन्या सिनेमातली वाटते. मुलं लिहून घेतात. उदाहरण कोणी विचारलं तर मी पुढच्या घटकाकडे वळते. ‘मॅडम, तुमचे भाऊ?’ असं जुन्या मुलांपैकी एकीने एकदा विचारलं, तेव्हा मी तिच्यावर विनाकारण ओरडले.

भाऊ आता घरीच असतो. भिंतीला धरून चालतो. गोळ्यांनी आवाज बरेच मागे गेले आहेत. स्वतःचा आवाजही गेला. शब्द येतात, पण एकेक करून, ओले आणि जड. नकला करता येत नाहीत. पत्र्याचा कूलर भंगारवाल्याला दिला आणि पुढच्या खोलीत एसी बसवला. एसीला आवाज नाही, त्यामुळे टीव्हीवरचा शब्द न् शब्द ऐकू येतो.

या एप्रिलमध्ये एका दुपारी मी त्याच्याजवळ बसले होते. आई-बाबा आत झोपले होते. कुठल्याशा चॅनलवर आमच्या वेळचा एक सिनेमा लागला होता. तो मी बदलणार होते, पण त्याने हात हलवून राहू दे म्हटलं. हवेली आली, सून आली, चौकीदार आला. ते खरोखर काय बोलतात हे मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. अगदीच सुमार संवाद होते, आमचे कितीतरी बरे होते. आम्ही दोघंही गप्प बसून पाहत होतो. मग विनोदी नोकराला विहिरीजवळ भूत दिसलं आणि तो ठेचकाळत दिवाणखान्याकडे धावत सुटला.

मला गप्प बसवेना. ‘तेव्हा,’ मी विचारलं, ‘ते मशीनमधून, कूलरमधून, तुले खरंच का ऐकू यायचं?’

वाक्य संपल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. त्याला माझ्या आधीच कळलं होतं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मान वळवायलाही त्याला वेळ लागतो.

‘हरली तू,’ तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

बराच वेळ त्याचे ओठ नुसते हलत होते. मी ते वाचायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग शब्द आले. ‘लय उशीर केला. मी... रोज... त्याच्यासाठीच फोन करत होतो. तू विचारशील म्हणून.’

‘मग तूच काहून नाही सांगितलं मले, राजा?’

त्याने हात उचलला. हात हवेत भरकटला आणि कसाबसा टीव्हीकडे झाला. दिवाणखान्यात सगळे जमले होते. नोकर डोळे वटारून, हात जोडून काहीतरी सांगत होता आणि घरातली माणसं पोट धरून हसत होती.

‘सांगून तं राहिलो होतो, ताई,’ तो म्हणाला. ‘रोज.’